झोताआड राहिलेला वारा : प्रस्तावना

गॅमा किरण टिपणारी फर्मी अवकाश दुर्बीण जून २००८ मध्ये पृथ्वीच्या कक्षेत गेली. पुढच्या अकरा वर्षांत तिने गोळा केलेल्या नोंदी घेऊन काही संशोधक अकरा दीर्घिकांच्या मागे लागले. विश्वाच्या मानाने या सगळ्या जवळच्याच. प्रत्येकीच्या केंद्रात भोवतालचा वायू गिळत बसलेलं महाकाय कृष्णविवर आहे, आणि त्याच्या आसपासून प्रचंड वेगाने वायू बाहेर पडतो आहे याचा क्ष-किरणांतून मिळालेला पुरावाही आहे. पण फर्मीच्या गॅमा नकाशावर यांतल्या एकीचंही अस्तित्व खात्रीने सांगता येत नव्हतं. संशोधकांनी मग एकेकीकडे बघणं सोडलं आणि अकराही जागांच्या नोंदींची बेरीज केली. बेरजेत संकेत स्पष्ट उमटला. केवळ योगायोगाने असा संकेत दिसण्याची शक्यता लाखो वेळांतून एखादी. ज्यांच्यात असा वारा आढळत नाही अशा सक्रिय (म्हणजे केंद्रातलं कृष्णविवर वायू गिळत असलेल्या) दीर्घिकांचा दुसरा गट घेऊन तीच बेरीज केली, तेव्हा हाती काही लागलं नाही. २०२१ मध्ये ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये हे काम प्रसिद्ध झालं.

हे पुस्तक त्या वाऱ्यांबद्दल आहे. ते हातात घेणारा वाचक मंगरूळपीर, मानोरा, कारंजा अशा एखाद्या गावचा आहे, असं धरूनच मी ही प्रस्तावना लिहितो आहे. मंगरूळपीर लोकांना माहीत आहे ते बिरबलनाथ महाराजांमुळे आणि दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे. आकाशाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं लोणारच्या विवराकडे वळतं. आता शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले, आणि त्यामुळे कृष्णविवर हा शब्द या भागातल्या शाळांतही ऐकू येऊ लागला आहे. मात्र लायगो ज्या कृष्णविवरांचा मागोवा घेते ती ताऱ्यांएवढ्या वस्तुमानाची, एकमेकांवर आदळणारी. इथे ज्यांची गोष्ट आहे ती सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट जड असतात, दीर्घिकेच्या मध्यभागी ठाण मांडून असतात, आणि त्यांच्याबद्दल सर्वांत नवलाची गोष्ट ही की त्यांच्या तोंडापासून इतकं काही बाहेर फेकलं जातं.

कार्ल सेफर्ट यांनी १९४३ मध्ये सहा दीर्घिकांवर एक निबंध लिहिला. त्यांचे गाभे वाजवीपेक्षा तेजस्वी होते आणि वर्णपटातल्या रेषा फार रुंद होत्या, म्हणजे तिथला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने हलत होता. या सहांत एनजीसी १०६८ आणि एनजीसी ४१५१ होत्या, आणि आजही या विषयात या दोन नावांशिवाय पान उलटत नाही. कारण पुढे कळलं ते असं. कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू सरळ आत पडत नाही. तो भोवती फिरत तबकडी धरतो, घर्षणाने तापतो आणि झळाळतो. हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाचा ०.७ टक्का भाग ऊर्जेत बदलतो. सूर्य त्यावर चालतो. कृष्णविवराभोवतीच्या तबकडीत हे प्रमाण १० टक्क्यांच्या घरात जातं. म्हणून आपल्या सूर्यमालेएवढ्या जागेतून सगळ्या दीर्घिकेच्या ताऱ्यांहून जास्त प्रकाश बाहेर पडू शकतो.

दहांतल्या साधारण एका सक्रिय दीर्घिकेत या तबकडीच्या दोन्ही बाजूंना, प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ जाणारे निमुळते झोत सुटतात. तो झोत नेमका आपल्या दिशेने रोखलेला असेल तर त्याचं तेज अनेक पटींनी वाढून दिसतं. सक्रिय दीर्घिकांतल्या गॅमा किरणांची बहुतेक सगळी ओळख अशाच झोतांमधून झाली. मार्केरियन ४२१ आणि मार्केरियन ५०१ ही त्यांतली घरोघरी पोचलेली नावं. यात काही चूक नव्हती, तेजस्वी तेच आधी दिसणार. पण त्याचा परिणाम असा झाला की गॅमा किरण म्हणजे झोत हे समीकरण पाठ झालं, आणि दहांतल्या ज्या नऊ दीर्घिकांत जोरदार झोत नाही त्या ‘शांत’ म्हणून बाजूला पडल्या. माझं म्हणणं असं आहे की दीर्घिकांच्या जडणघडणीत त्या शांत म्हटल्या गेलेल्या दीर्घिकांचा वारा झोतापेक्षा कमी महत्त्वाचा नाही, आणि कदाचित अधिकच महत्त्वाचा आहे. झोत अरुंद असतो, दीर्घिका भेदून निघून जाऊ शकतो. वारा रुंद कोनात पसरतो आणि दीर्घिकेतल्या वायूला सामोरा जातो. नवे तारे त्याच वायूतून जन्माला यायचे असतात.

या झोतांच्या कहाणीत महाराष्ट्रातल्या संस्थांचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याकडे पुरेसा सांगितला गेलेला नाही. गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचत नाही. वातावरणाच्या वरच्या थरात तो एखाद्या अणुकेंद्राजवळ इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची जोडी निर्माण करतो, त्या जोडीतून पुन्हा गॅमा किरण, त्यांतून पुन्हा जोड्या, असा कणांचा वर्षाव खाली येतो. हे कण हवेत प्रकाशाचा जो वेग असतो त्यापेक्षा वेगाने धावतात आणि निळसर प्रकाश सोडतात. हा चेरेन्कॉव्ह प्रकाश जमिनीवर शे-सव्वाशे मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पडतो आणि काही अब्जांश सेकंदांत संपतो. तेवढ्यात तो पकडायचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६९ मध्ये उटीला सर्चलाइटच्या आरशांवर हे काम सुरू केलं. नंतर ते सातपुड्यातल्या पचमढीला गेलं आणि पुढे लडाखमधल्या हान्लेला, जिथे बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेबरोबर सात दुर्बिणींचा ‘हगार’ हा समूह उभा राहिला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अबूच्या पहाडावर ‘टॅक्टिक’ दुर्बीण उभारली. १९९७ मध्ये मार्केरियन ५०१ भडकली तेव्हा ‘टॅक्टिक’ अगदी नवी होती, तरी त्या उद्रेकाचे गॅमा किरण तिने टिपले. जवळपास ४५ कोटी प्रकाशवर्षांवरून आलेले! आणि ४ ऑक्टोबर २०२४ रोजी भाभा केंद्राच्याच ‘मेस’ या दुर्बिणीचं हान्लेला उद्घाटन झालं. तिच्या आरशाचा व्यास २१ मीटर आहे, समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ४,३०० मीटर. या जातीची इतक्या उंचीवरची दुर्बीण जगात दुसरी नाही.

उपकरणांइतकीच इथे झालेल्या विचारांचीही नोंद करायला हवी. १९७४ मध्ये ‘नेचर’मध्ये जयंत नारळीकर, अप्पाराव आणि नरेश दधीच यांचा श्वेतविवरांतून येणाऱ्या अतिऊर्जित प्रारणावरचा निबंध आला. पदार्थ गिळणाऱ्या विवराऐवजी पदार्थ बाहेर फेकणारं विवर, अशी ती कल्पना होती. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही आणि आजचा पुरावाही कृष्णविवराच्या बाजूने आहे. तरीही तो निबंध मला मोलाचा वाटतो, कारण त्यामागचा प्रश्न खरा होता. दीर्घिकांच्या केंद्रांतून इतकं द्रव्य आणि इतकी ऊर्जा बाहेर का येते? या प्रश्नाला तेव्हा नीट उत्तर नव्हतं. पुढे अजित केंभावी आणि नारळीकर यांनी क्वेसार (अतिशय तेजस्वी सक्रिय केंद्रं) आणि सक्रिय दीर्घिका केंद्रांवर लिहिलेलं पाठ्यपुस्तक १९९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने प्रसिद्ध केलं, आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी हा विषय पुण्यातल्या दोन लेखकांकडून शिकला. आपण ज्यांची गोष्ट करतो आहोत त्या अतिवेगवान वाऱ्यांचे क्ष-किरणांतले पहिले ठळक पुरावे त्यानंतर तीन-चार वर्षांनी मिळाले.

ते कसे मिळाले हे समजून घेणं आवश्यक आहे, कारण वारा कोणी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. तबकडीजवळून निघालेले क्ष-किरण वाटेतल्या वायूतून येतात आणि त्या वायूतलं लोह त्यांतली ठरावीक ऊर्जा शोषून घेतं. बहुतेक सगळे इलेक्ट्रॉन गमावून बसलेल्या लोहाची ही शोषणरेषा ७ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जरा खाली असते. पण काही दीर्घिकांत ती त्यापेक्षा बऱ्याच जास्त ऊर्जेला सापडली. याचा अर्थ शोषण करणारा वायू आपल्याकडे धावत येतो आहे, तोही प्रकाशाच्या वेगाच्या दहाव्या, कधीकधी चौथ्या हिश्श्याने. २०१० च्या सुमारास फ्रान्चेस्को तोम्बेसी आणि सहकाऱ्यांनी झोत नसलेल्या ४२ जवळच्या सक्रिय दीर्घिका तपासल्या, तेव्हा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक दीर्घिकांत असा वारा निघाला. आणि आपल्या नजरेच्या रेषेत नसलेला वारा तर मोजणीत येतच नाही. पीडीएस ४५६ या क्वेसारवर जपानच्या ‘क्रिझम’ उपग्रहाने २०२५ मध्ये जे पाहिलं त्याने चित्र आणखी बदललं. वारा एकसंध वाहत नव्हता, वेगवेगळ्या वेगांच्या पाच निरनिराळ्या गुठळ्यांनी तो सुटत होता.

हा वारा सुटतो कशामुळे, यावर अजून एकमत नाही. तबकडीच्या अतिनील प्रकाशाचा दाब की चुंबकीय क्षेत्राचा रेटा, की दोन्ही? पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत गुलाब देवांगन आणि त्यांचे विद्यार्थी ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहाच्या साहाय्याने एकाच वेळी अतिनील आणि क्ष-किरणांत अशा दीर्घिका पाहत आले आहेत, कारण तबकडी आणि तिच्या वरचा तप्त वायू यांचं नातं कळल्याशिवाय वाऱ्याचं मूळ कळणार नाही. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची, हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून विचारते. प्रीती खर्ब आणि त्यांचा गट ‘शांत’ समजल्या जाणाऱ्या दीर्घिकांतला मंद रेडिओ प्रकाश तिने तपासतो, आणि तो दुबळ्या झोताचा, वाऱ्याचा की ताऱ्यांच्या जन्मस्थानांचा, हे वेगळं काढू पाहतो.

आता गॅमा किरण. वारा प्रकाशाच्या एक दशांश वेगाने दीर्घिकेतल्या वायूवर आदळतो तेव्हा आघात-तरंग तयार होतो. तरंगाच्या एका बाजूला वेगाने येणारा वायू, दुसऱ्या बाजूला मंदावलेला, दोन्हींत गुंतागुंतीचं चुंबकीय क्षेत्र. इथे सापडलेला प्रोटॉन क्षेत्राने वळवला जाऊन तरंग पुन्हा पुन्हा ओलांडत राहतो. समोरून येणाऱ्या एसटीवर चेंडू मारला तर तो फेकला त्यापेक्षा जास्त वेगाने परत येतो. प्रोटॉनच्या प्रत्येक फेरीत हेच घडतं, फक्त फेऱ्या असंख्य होतात आणि दर फेरीला थोडी ऊर्जा वाढते. या प्रक्रियेची मूळ कल्पना एन्रिको फर्मी यांनी १९४९ मध्ये मांडली, आणि दुर्बिणीला त्यांचंच नाव आहे. असा तापलेला प्रोटॉन भोवतालच्या वायूतल्या साध्या प्रोटॉनवर आदळला की पायॉन नावाचे कण जन्मतात. विद्युतभार नसलेला पायॉन क्षणाच्या अतिसूक्ष्म भागात फुटून दोन गॅमा किरण देतो. विद्युतभारित पायॉन फुटून शेवटी न्यूट्रिनो देतात. एकाच टकरीतून दोन साक्षीदार, एक प्रकाशाचा आणि एक भुतासारखा सगळ्यातून आरपार जाणारा. इलेक्ट्रॉनही गॅमा किरण निर्माण करू शकतात, तबकडीच्या प्रकाशाला धडकून त्याची ऊर्जा वाढवून. पण त्यात न्यूट्रिनो नसतात. म्हणून न्यूट्रिनो सापडणं महत्त्वाचं.

त्या अकरा दीर्घिकांच्या बेरजेवरून असा हिशेब निघाला की वाऱ्याच्या यांत्रिक शक्तीपैकी सुमारे ०.०४ टक्के गॅमा किरणांत जाते. आकडा लहान दिसतो. पण त्यावरून असंही निघालं की असे वारे प्रोटॉनना खूप वरच्या ऊर्जेपर्यंत नेऊ शकतात. आपल्या दीर्घिकेतले विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे अतिवेगवान कण, जिथे संपत येतात आणि बाहेरून येणारे सुरू होतात, तिथपर्यंत. विश्वकिरणांच्या इतिहासात हा मधला टप्पा कायम कोड्याचा राहिला आहे. त्यावर झोत नसलेल्या दीर्घिका काही बोलतील, अशी अपेक्षा फार थोड्यांना होती.

या सगळ्याची खरी परीक्षा एनजीसी १०६८ मध्ये होते आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबतो. ही तीच सेफर्ट यांची दीर्घिका, चार्ल्स मेसिए यांच्या यादीत तिचा क्रमांक ७७. ती खगोलीय विषुववृत्तावर, तिमिंगल तारकासमूहात आहे. मंगरूळपीरचा अक्षांश सुमारे २०.३ अंश, त्यामुळे डिसेंबरच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास ती दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिल्यावर क्षितिजापासून जवळपास ७० अंशांवर येते. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण चार-सहा इंची दुर्बिणीतून, डेल्टा सेटी या ताऱ्यापासून अंशभराच्या आत, धुरकट ठिपक्यासारखी सापडते. समृद्धी महामार्गावर शेलूबाजारच्या बाजूला आता रात्रीचा उजेड वाढला आहे. त्यापासून दूर, शेताच्या बांधावर गेलं तर जास्त बरं. तिचं अंतर सुमारे ४ कोटी ७० लाख प्रकाशवर्षं. तो प्रकाश निघाला तेव्हा आपल्या काळ्या मातीखालचा बेसाल्ट थिजून दोन कोटींच्या आसपास वर्षं झाली होती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या ‘आइसक्यूब’ने जाहीर केलं की या दीर्घिकेच्या दिशेने अपेक्षेपेक्षा सुमारे ७९ न्यूट्रिनो जास्त आले आहेत. घन किलोमीटरभर बर्फात पुरलेल्या पाच हजारांहून अधिक संवेदकांनी जवळपास नऊ वर्षांत केलेली ही मोजणी. न्यूट्रिनो आहेत म्हणजे प्रोटॉन आदळत आहेत. मग जोडीने तितक्याच ऊर्जेचे गॅमा किरण यायला हवेत. पण कॅनरी बेटांवरच्या ‘मॅजिक’ दुर्बिणींनी शंभराहून अधिक तास बघूनही ते दिसले नाहीत, आणि त्यामुळे वाऱ्याने उच्च ऊर्जेचे गॅमा किरण भरपूर येतील असं सांगणारी आधीची काही प्रारूपं मोडीत निघाली. फर्मीला मात्र त्यापेक्षा कमी ऊर्जेचे गॅमा किरण दिसतात, आणि तेही न्यूट्रिनोंच्या मानाने फार कमी.

याचं सर्वमान्य होत चाललेलं स्पष्टीकरण असं. न्यूट्रिनो कृष्णविवराच्या अगदी लगत जन्मतात. तिथे क्ष-किरण आणि अतिनील प्रकाश इतका दाट आहे की गॅमा किरण बाहेर पडण्याआधीच त्या प्रकाशाशी धडकून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन होऊन जातात. मग फर्मीला दिसणारे किरण कुठले? या दीर्घिकेत तारे झपाट्याने जन्मतात, त्या तारे-जन्मातले असतील. की वारा दूर जाऊन कृष्णविवराभोवतीच्या धुळीच्या जाड कड्यावर आदळतो तिथले? सुसुमु इनोउए आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये न्यूट्रिनो आणि गॅमा किरण हे दोन्ही एकाच वाऱ्याला जोडून दाखवलं. आतला वारा पुरेसा जोर न मिळाल्याने परत कोसळतो आणि न्यूट्रिनो देतो, बाहेरचा यशस्वी वारा कड्यावर आदळून गॅमा किरण देतो. मला हे चित्र पटतं, पण ते सिद्ध झालेलं नाही, आणि या पुस्तकाच्या वाचकाने ते सिद्ध झालं आहे असं समजू नये.

आपली आकाशगंगाही या गोष्टीबाहेर नाही. २०१० मध्ये फर्मीच्या नोंदींत तिच्या केंद्राच्या वर आणि खाली गॅमा किरणांचे दोन महाकाय फुगे सापडले, प्रत्येक सुमारे २५ हजार प्रकाशवर्षं उंच. केंद्रातलं आज जवळपास निपचित पडलेलं कृष्णविवर कधी काळी जागं होतं आणि त्याच्या वाऱ्याने हे फुगे फुगवले, असं अनेकांचं मत आहे. काही जण ते श्रेय ताऱ्यांच्या स्फोटांना देतात. आपणच आत बसलेलो असल्यामुळे हा वाद मिटायला कठीण जातो आहे.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट, खास महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांसाठी. फर्मीच्या सगळ्या नोंदी खुल्या आहेत. कोणालाही त्या फुकट उतरवून घेता येतात, आणि त्या वाचण्याची सॉफ्टवेअरही मोफत मिळतात. जीएमआरटी आणि ‘ॲस्ट्रोसॅट’ यांच्या जुन्या निरीक्षणांचे साठेही ठरावीक मुदतीनंतर खुले होतात. साधा लॅपटॉप आणि बरं इंटरनेट असेल तर पहिला धडा म्हणून एनजीसी १०६८ च्या जागेवरच्या, दहा कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा जास्त ऊर्जेच्या नोंदी घ्याव्यात आणि तिचा वर्णपट काढावा. मग तोच एनजीसी ४१५१ चा काढून पाहावा. दुसऱ्या दीर्घिकेचा संकेत इतका फिका निघेल की तो खरा की भोवतालच्या गोंधळाचा, हे ठरवताना पहिल्या प्रकरणातली बेरजेची पद्धत लगेच हाताशी घ्यावी लागेल.